न झालेली दुखापत

फोन आला तेव्हा मी स्लायगोतल्या माझ्या भाड्याच्या घरात, खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसले होते. फोनवर नाव माधवीताईचं होतं, पण आवाज सईचा. सई माझी भाची, अकरा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र ती इथल्या हेलाच्या इंग्रजीतच देते. त्या दिवशी ती मराठीत बोलली. "मावशी, बाबा गेले." एवढंच... मग तिनं फोन ठेवलाही नाही आणि पुढे काही बोललीही नाही. मागून ताईचा आवाज येत होता, कुणाला तरी घराचा पत्ता शांतपणे सांगत असलेला. ते दोन शब्द सईला कुणी शिकवले असतील की तिनंच जुळवले असतील, याचा विचार मी नंतर कितीतरी दिवस करत होते. ही बातमी मावशीला इंग्रजीत सांगायची नसते, हे त्या पोरीला आपसूक कळलं होतं.

अविनाश भोयर माझे भावोजी, ताईचे यजमान. मूळचे नागपूरचे. गेली बरीच वर्षं डब्लिनच्या पश्चिमेला ॲडम्सटाउनमध्ये राहायचे आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायचे. त्यांना जाऊन आता दोन महिने होत आले. स्वादुपिंडाचा कर्करोग. कळला तेव्हा झाडांची पानं गळून गेली होती, आणि एप्रिल संपता संपता ते गेले. मधल्या काळात सगळं आयर्लंड बंद होतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम, आणि मी देशाच्या दुसऱ्या टोकाला. नाताळात काही दिवस वाट मोकळी झाली तेवढ्यात मी जाऊन आले. तीच शेवटची भेट. निघताना मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "अंतर ठेव ना, सरकारनं सांगितलं आहे." आणि हसले. हसताना त्यांचा हात पोटाकडे गेला... तो मला दिसला, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

मी एमएससी करायला इथे आले ती थेट त्यांच्याच घरी. आम्ही बहिणी कराडच्या. भावोजींची आणि माझी ओळख तोवर फक्त लग्नकार्यातली. त्या घरात नियम फारसे नव्हते, पण एक पक्का होता: रविवारी संध्याकाळी सहा वाजता टीव्ही भावोजींचा. अमेरिकेत दुपारी सुरू होणारे सामने आमच्याकडे संध्याकाळी लागतात. मला वाटलं होतं, हे क्रिकेट बघत असतील. तरुणपणी जलद गोलंदाजी केलेला माणूस, दुसरं काय बघणार? पण पडद्यावर बेसबॉल होता. लग्नाआधी अमेरिकेतल्या एका थंड शहरात एकट्यानं काही वर्षं काढली, तेव्हा हा खेळ त्यांना लागला होता, कुणाला पानाची सवय लागावी तसा. पहिले काही रविवार मी सोफ्याच्या कोपऱ्यात पुस्तक धरून बसले. मग एकदा राहवेना.

"भावोजी, हा मघापासून एकटाच टाकतोय. ह्याचं षटक संपत नाही का?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे वळून बसले. इतक्या आनंदानं माझ्या कुठल्याच प्रश्नाचं आजवर कुणी स्वागत केलं नव्हतं.

"हाच तर सगळा झगडा आहे," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा तो पिचर. त्याला षटक नसतं. तो उभ्याउभ्या, हात पार मागे नेऊन, पूर्ण ताकदीनं टाकत राहतो आणि प्रत्येक चेंडूला त्याचं कोपर आणि खांदा पिळवटून निघतो. थांबायचं कधी, हे तो ठरवत नाही. ते कोचनं ठरवायचं, आणि एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. "आणि एक लक्षात ठेव, रेवती. टाकणारा कधीच म्हणत नाही की दुखून राहिलं. म्हणून बाहेरून पाहावं लागते." ते तसंच पाहायचे. माझी नजर चेंडूमागे जायची, त्यांची हातावर असायची; दमलेला हात टाकताना खाली उतरतो, म्हणे. "पाहा, हात खाली येऊन राहिला त्याचा," असं ते पुटपुटायचे आणि मला काहीसुद्धा वेगळं दिसायचं नाही. थोड्या वेळानं तो पिचर खांदा धरून बाहेर जायचा. तेव्हा आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून भावोजी खूश होत नसत. घरातलं कुणी जिन्यावरून पडावं तसे ते गप्प व्हायचे.

त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. एका शनिवारी सकाळी ते पोहे करत होते. त्यांच्या पद्धतीचे, वर लालभडक तर्री घातलेले. स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, त्यांनी मसाल्याचा डबा काढला तो डाव्या हातानं, टाचा उंच करून. उजवा हात मोकळाच होता. मी विचारल्यावर त्यांनी कांदा चिरता चिरता सांगितलं. कॉलेजात असताना एका स्पर्धेत त्यांना विकेट मिळत होत्या, दुसऱ्या कुणाला मिळत नव्हत्या. कोचनं त्यांना एका बाजूनं टाकतच ठेवलं, दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्याही. त्यानंतर तो खांदा कधी नीट झाला नाही.

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"सतरा वर्षांचा होतो. मला विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं." मग कढईत फोडणी तडतडू लागली आणि त्या आवाजात ते म्हणाले, "वाईट नव्हता गं तो माणूस. माझ्यावर जीव होता त्याचा. त्याले फक्त थांबवता नाही आलं."

क्लोनडॉकिनच्या एका मोठ्या बागेत बेसबॉलचं मैदान आहे, हे आयर्लंडमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. भावोजी तिथे क्रिकेट शोधत गेले होते म्हणे. कुंपणापाशी थांबले आणि तिथेच रमले. काही रविवार नुसते कुंपणाबाहेर उभे राहून पाहत होते. मग एकदा न राहवून त्यांनी आत जाऊन सांगितलं की तुमच्या ह्या पोराचा हात दुखतोय, त्याला बसवा. पोरानं कबूल केलं की आठवडाभर दुखतोय. त्या दिवसापासून ते त्या हौशी संघातले झाले. सामना चालू असताना ते बाकावर बसून पिचरनं टाकलेले चेंडू मोजायचे. प्रत्येक चेंडूला एक खडा, डाव्या खिशातून उजव्या खिशात. सोमवारी ताईच्या वॉशिंग मशीनमध्ये खडे खडखडायचे आणि ती म्हणायची, "ह्या घरात एक दिवस नदी वाहायला लागेल."

त्या संघाचा कोच ब्रॅड. अमेरिकेत कॉलेजच्या संघातून खेळलेला, रीतसर शिकलेला, आयरिश बायको करून इथे स्थायिक झालेला उंचापुरा माणूस. त्याचं आणि भावोजींचं एकाही गोष्टीवर एकमत नसायचं. सामना संपला की गवतावर कोंडाळं जमायचं, ताईनं दिलेला चिवडा फिरायचा आणि वाद सुरू व्हायचा. पिचरचे हात एवढे का जायला लागलेत, वेगाच्या हव्यासानं की लहानपणापासून बारा महिने टाकून टाकून? पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्यावर स्वतः कधी उभं न राहिलेल्या माणसानं पिचरला शिकवावं का? हा शेवटचा प्रश्न ब्रॅड सरळ भावोजींकडे बघून विचारायचा. "अवि, तू कुठे पिचिंग केलंस?" "कुठेच नाही." "मग तुझी पात्रता काय?" "मी बसतो ना, पाहत," असं भावोजी म्हणायचे. पुढे त्यांनी चिडून कोचिंगचा एक ऑनलाइन कोर्स केला, पास झाले आणि म्हणाले, "आता कागद आला. येते मात्र कालच्याएवढंच."

ब्रॅडवर अन्याय व्हायला नको. बोटं चेंडूच्या शिवणीवर कशी ठेवायची, पाय कुठे पडला पाहिजे, हे तो हातात हात धरून शिकवायचा. भावोजींना ते येत नव्हतं. पण कुठल्याही खेळाडूला विचारलंत तर तो म्हणाला असता की ब्रॅडनं आपल्याला टाकायला शिकवलं आणि अविनं आपला हात राखला. त्या दोघांना एकमेकांवाचून करमत नसे, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

संघात किअरन नावाचा एक पिचर होता. पंचविशीतला, इलेक्ट्रिशियन, ॲडम्सटाउनच्या शेजारीच राहणारा. त्याच्या चेंडूला असा वेग होता की पकडणाऱ्याच्या ग्लोव्हमधून फटाका फुटल्यासारखा आवाज यायचा. कोविडच्या आदल्या उन्हाळ्यात संघ अंतिम सामन्यात पोचला. देशाच्या संघासाठी निवड करणारे लोक तो सामना बघायला येणार होते आणि किअरनला ते ठाऊक होतं. ब्रॅड नेमका घरच्या लग्नासाठी अमेरिकेला गेला होता. त्यामुळे त्या दिवशी सगळा कारभार भावोजींकडे होता. मी सईला घेऊन कुंपणाबाहेर बसले होते.

किअरन सुरेख टाकत होता. आमचा संघ पुढे होता, सामन्याच्या अनेक छोट्या डावांपैकी दोन उरले होते. भावोजी उठले आणि सावकाश चालत मैदानात गेले. तिथे जाऊन त्यांनी डावा तळवा पुढे केला. पिचरला बाहेर काढताना चेंडू मागायची ती रीतच आहे. किअरन ओरडला, "आय'म ग्रँड! मी ठीक आहे, अवि!" भावोजींनी हात तसाच ठेवला. माझ्या शेजारी सई नखं कुरतडत होती. सगळं मैदान थांबलं होतं आणि तो तळवा तसाच पुढे... शेवटी किअरननं चेंडू त्यांच्या हातात न देता जमिनीवर आपटला आणि निघून गेला. नंतर आलेल्या पिचरनं धावा दिल्या. सामना गेला. किअरनची निवड झाली नाही.

गाड्या लावायच्या जागेत किअरननं त्यांना गाठलं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुझा हात कुणीतरी घालवला, म्हणून तू माझा सामना घालवलास." भावोजी गाडीचं दार उघडून आत बसले. घरी परतताना मी न राहवून विचारलं, "खरंच हात खाली येत होता का त्याचा?" सिग्नल हिरवा झाला तरी त्यांनी गाडी हलवली नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला.

"मला दिसला," ते म्हणाले. "पण मले दिसलं ते होतं का, हे कोण सांगन? झालेली दुखापत सगळ्या जगाला दिसते. न झालेली कोणालेच दिसत नाही. तो जन्मभर म्हणन की काही झालं नसतं. आणि त्याचं बरोबरही असन."

ब्रॅड परत आल्यावर त्यानं स्पष्ट सांगितलं, "मी त्याला काढलं नसतं." भावोजी म्हणाले, "ठाऊक आहे." त्या विषयावर दोघांत झालेला हा सगळ्यात छोटा वाद. किअरननं मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. एकाच बाकावर बसूनही तो त्यांच्याकडे बघत नसे. भावोजी खडे मोजायचे ते त्याच्याही चेंडूंचे, पण उठून कधी त्याच्याजवळ गेले नाहीत. मी मधल्या काळात नोकरीनिमित्त स्लायगोला आले, तेव्हा ते दोघं असेच होते.

मग सगळं जगच थांबलं. मैदानं बंद, सामने बंद, टीव्हीवर जुन्या सामन्यांची उष्टावळ. भावोजी घरून काम करत होते. टाळेबंदीच्या त्या पहिल्या एप्रिलमधल्या एका संध्याकाळी ताईनं खिडकीतून पाहिलं तर फाटकापाशी किअरन उभा. हातात ग्लोव्ह. भावोजी दारात गेले. लांबूनच किअरन म्हणाला, "टाकायला कुणी नाही मला." भावोजी आत आले आणि त्यांनी जिन्याखालून स्वतःचा ग्लोव्ह काढला. ताई सांगते, दोघांपैकी कुणीही माफी मागितली नाही की त्या सामन्याचं नाव काढलं नाही. समोरच्या हिरवळीवर भरपूर अंतर ठेवून ते उभे राहिले. किअरननं टाकायचं, भावोजींनी पकडायचं आणि उजव्या हातानं खालून घरंगळत परत पाठवायचं. इथला उन्हाळा म्हणजे दहा वाजेपर्यंत उजेड. जेवणं झाली की हे दोघं हिरवळीवर. लोक कुत्री फिरवता फिरवता थांबून बघायचे.

उन्हाळा उतरता उतरता भावोजी चेंडू उचलायला वाकले की जरा वेळानं सरळ व्हायला लागले. पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. किअरननं एकदा विचारलं, "अवि, बरा आहेस ना?" "ग्रँड," भावोजी म्हणाले. ह्या देशात ह्या एका शब्दापुढे पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही. पाय मोडलेला माणूसही ग्रँड असतो. भावोजी बाकी काही आयरिश झाले नव्हते, पण हा शब्द त्यांनी उचलला होता.

दुखणं उन्हाळ्याच्या सुरुवातीपासूनचं होतं, हे नंतर डॉक्टरांसमोर बाहेर आलं. पोटातून पाठीत जाणारी कळ. भूक गेलेली. पँट ढिल्या झालेल्या, त्या पट्ट्यात दडवलेल्या. घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. ताई फार्मसिस्ट. काउंटरच्या मागे उभी राहून ती दिवसभर लोकांना हेच सांगते की दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. ज्या संध्याकाळी रिपोर्ट आले, त्या संध्याकाळी तिनं मला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. का, ते मला आजही कळलेलं नाही. बहुधा त्यांच्याशी एकटीनं बोलायची तिला भीती वाटली असावी.

"मला का नाही सांगितलंत?" ती पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होती. आवाज चढत होता. "अख्ख्या जगाचे हात दिसतात तुम्हाला! स्वतःचं पोट नाही दिसलं?"

मग भावोजींचा आवाज आला, अगदी हळू. "वाटलं, अजून एक डाव निघून जाईन..."

डॉक्टर म्हणाले की आधी कळलं असतं तरी फार फरक पडला असता असं नाही. ताईनं ते ऐकून घेतलं. तिनं त्यावर विश्वास ठेवला की नाही, मी कधी विचारलेलं नाही.

मार्चमध्ये आमचा दरवर्षीचा ड्राफ्ट असायचा. म्हणजे लुटुपुटूचा खेळ. मोसम सुरू व्हायच्या आधी अमेरिकेतले खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे, पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं आणि मग वर्षभर त्यांच्या कामगिरीवरून भांडायचं. ब्रॅड, किअरन, मी, संघातले आणखी काही जण आणि भावोजी. दरवर्षी हे ताईच्या बैठकीत व्हायचं, चहा-भज्यांसकट. भावोजींचं धोरण जगजाहीर होतं: पहिल्या फेऱ्यांत पिचर उचलायचा नाही. फलंदाज घ्या, पिचर शेवटी बघू. "ज्या फांदीला जास्त संत्री, तीच आधी मोडते," असं ते ब्रॅडला इंग्रजीत समजावायचे, आणि नागपूर न पाहिलेला ब्रॅड म्हणायचा की संत्र्याचा आणि बेसबॉलचा संबंध काय.

यंदा ड्राफ्ट व्हिडिओवर झाला. भावोजी उशांना टेकून बसले होते. चेहरा इतका बारीक झालेला, की स्क्रीनवर आल्या आल्या सगळे एकदम हवामानाबद्दल बोलायला लागले. पहिली पाळी आम्ही ठरवून त्यांना दिली होती. त्यांनी एका पिचरचं नाव घेतलं. तिशी ओलांडलेला, कोपराची शस्त्रक्रिया झालेला, मागचं अख्खं वर्ष न खेळलेला. तो परत येणार, एवढंच ऐकून होतो. मग ब्रॅड अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अवि, त्याला शेवटच्या फेरीतही कुणी घेणार नाही. पहिली पाळी वाया घालवू नकोस. बदल हवं तर."

"नको," भावोजी म्हणाले. "तोच."

ब्रॅडनं मान हलवली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वाद घातला नाही. मला वाटतं, भावोजींना तेच जास्त लागलं असावं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून मुद्दाम भांडण काढलं. म्हटलं, इतकी वर्षं आम्हाला शिकवलंत आणि स्वतः असं कसं करता? तेव्हा त्यांना बरं वाटलं. आवाजात जरा पूर्वीचा जोर आला. "अगं, परत येऊन राहिला ना तो. इतक्या लांबून परत येणाऱ्या माणसाला कोणीतरी पहिलं घ्यायला पाहिजे का नाही?" मग दम लागला. म्हणाले, "ठेवतो."

ते आमचं शेवटचं बोलणं. तो पिचर मे महिन्यात परत आला, दोन सामने खेळला आणि पुन्हा दुखापत होऊन बाहेर बसला. भावोजी तोवर नव्हते.

अंत्यसंस्काराला दहाच माणसांना परवानगी होती. मी त्या दहांत होते. तिकडे नागपुरात एप्रिलचा तो भयंकर पंधरवडा चालू होता, घराघरात माणसं जात होती. भावोजींची आई पुतण्यानं धरलेल्या फोनवरून सगळं बघत होती. ताईनं फोन त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला, तर म्हाताऱ्या आईंना नीट दिसेना. "जवळ ने ना वो माय... मले त्याचं तोंड दाखव एकदा," असं त्या म्हणत राहिल्या. ताई फोन आणखी जवळ नेत राहिली. शेवटी पडद्यावर फक्त कपाळ दिसत असणार. तरी त्या म्हणाल्या, "दिसला, दिसला." खरंच दिसला का, देव जाणे.

शववाहिका सरळ न नेता क्लोनडॉकिनवरून न्यावी, असं ब्रॅडनं ताईला विचारून ठरवलं होतं. बागेच्या रस्त्याला गाडी वळली आणि मला दोन्ही बाजूंना माणसं दिसली. आमच्याच नव्हे, दुसऱ्या संघांचेही खेळाडू, आपापल्या जर्सीत, हातभर नव्हे चांगलं दोन हातांचं अंतर ठेवून, टोप्या छातीशी धरून उभे. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याएवढा झाला. सई काचेला नाक लावून बघत होती. "देअर्स लोड्स ऑफ देम," किती जण आहेत, असं ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली.

विधी आटोपल्यावर किअरन बाहेर उभा होता. इथली माणसं सांत्वनाला एक ठरलेलं वाक्य म्हणतात, "सॉरी फॉर युअर ट्रबल." तेच तोही म्हणाला. मग तो तिथून हलेना. ताईकडे बघत म्हणाला, "रोज संध्याकाळी मी त्याच्यासमोर उभा होतो. मला दिसायला हवं होतं."

"मी तर घरातच होते, किअरन," ताई म्हणाली.

दोघं तसेच उभे राहिले, मध्ये नियमाचं अंतर. मिठी मारायची सोय नव्हती.

जूनमध्ये सामने पुन्हा सुरू झाले. प्रवासाची बंदी उठली होती, म्हणून मी ॲडम्सटाउनला आले होते. किअरननं ताईला फोन केला, "रविवारी येशील का?" इतक्या वर्षांत ताई त्या मैदानावर कधीच गेली नव्हती. तिला तो खेळ कंटाळवाणा वाटायचा. मला वाटलं नाही म्हणेल. ती गेली. आम्ही तिघी कुंपणाबाहेर बसलो. आकाश ढगाळ, वारा गार. ताई मला मध्येमध्ये विचारत होती, हा का पळाला, तो का बाद. मी सांगत होते. किअरन टाकत होता, तसाच सुरेख, आणि ब्रॅड बाकापाशी उभा राहून त्याला बघत होता. आमचा संघ पुढे होता.

शेवटच्या डावांत किअरननं एक चेंडू टाकला आणि तो थांबला. त्यानं खांदा गोल फिरवून पाहिला. मग स्वतःच हात वर करून ब्रॅडला बोलावलं. ब्रॅड धावत आला. वारा आमच्याकडे होता, बोलणं ऐकू आलं.

"लागलं का?"

"नाही. दमलोय. बास आता मला."

ब्रॅडनं घटकाभर त्याच्याकडे पाहिलं. मी ब्रॅडला ओळखते, पूर्वीचा ब्रॅड म्हणाला असता की अजून एक फलंदाज काढ. त्यानं तळवा पुढे केला. किअरननं त्यात चेंडू ठेवला आणि चालत बाहेर आला. नवीन पिचरनं धावा दिल्या, पुढे असलेला सामना बरोबरीत आला. कुणी काही आपटलं नाही.

ताई समोर बघत होती. म्हणाली, "एवढंच तर म्हणायचं होतं ह्यांनी."

मी सईच्या जॅकेटची चेन वर ओढली.

मग तिनं विचारलं, "कुठे बसायचे गं ते?" मी बाकाचं उजवीकडचं टोक दाखवलं. सगळे खेळाडू दाटीवाटीनं डावीकडे बसले होते, किअरन खांद्यावर बर्फाची पिशवी धरून त्यांच्यात. ते टोक रिकामं होतं. ताई उठली, फाटक ढकलून आत गेली. कुणी अडवलं नाही. किअरन उठायला लागला तर तिनं हातानंच त्याला बस म्हटलं, आणि ती त्या टोकाला जाऊन बसली. पर्स मांडीवर ठेवून, पाय जवळ घेऊन, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसतात तशी. काही वेळानं सईही आत पळाली.

सामना संपला. हरलो की जिंकलो ते मला खरंच आठवत नाही. मुलांनी बॅटी, हेल्मेटं गोळा केली, ब्रॅडनं मैदानाच्या रेषा पायानं पुसल्या. पाऊस भुरभुरायला लागला. ताई बाकावरून उठली नाही, आणि आम्हीही तिला उठ म्हटलं नाही.